हौगांगचे कावळे

माझी आई गेली तेव्हा दहाव्याला तिच्या पिंडाला कावळा शिवला नाही. पुण्यात नदीकाठच्या घाटावर आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. कावळे होते, समोरच्या पिंपळावर बसलेले होते, शेजारी दुसऱ्या कुणाच्या पिंडापाशी येऊन जातही होते. आमच्याकडे फिरकले नाहीत. अशा वेळी घरच्यांनी गेलेल्या माणसाला वचनं द्यायची असतात, म्हणजे मागं अडकलेला जीव मोकळा होतो असं मानतात. भावानं दिलं, मी दिलं, मावशीनं तर माझ्या मुलीच्या लग्नापर्यंतचं सगळं कबूल करून टाकलं. बाबा तेवढे गप्प उभे राहिले. ऊन चढलं, गुरुजींना पुढं दुसरीकडं जायचं होतं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पुरा केला.

बाबा काही देवभोळे नाहीत. सरकारी कचेरीत आयुष्य गेलं, घरातली पूजा आईच करायची, हे प्रसादाला हजर. पण तो दर्भाचा कावळा त्यांच्या मनातून जाईना. वर्षश्राद्ध झाल्यावर मी त्यांना माझ्याकडे सिंगापूरला घेऊन आले. पहिल्याच आठवड्यात चहा पिता पिता त्यांनी सांगितलं, की ती अजून घाटावरच उभी आहे असं वाटतं, कुणीतरी पुढं नेईल म्हणून. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मग ते म्हणाले, "यंदा अविधवा नवमीला खऱ्या कावळ्यानं तिचा घास घेतलेला मला बघायचाय. बाकी मला काही नको."

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध पितृपक्षातल्या त्या नवमीला करतात. हातात बरेच महिने होते. एक कावळा, त्यात काय अवघड, असं मला वाटलं.

आता कबूल करायला हरकत नाही, की सिंगापूरच्या हौगांग भागात इतकी वर्षं राहून मी तिथला कावळा कधी पाहिलाच नव्हता. म्हणजे दिसला असेल, पण पाहिला नव्हता. घर, एमआरटीची मेट्रो, ऑफिस, पुन्हा एमआरटी, घर. आमच्या ब्लॉकखालच्या झाडांची नावं मला विचारली असती तर मी 'हिरवी' एवढंच सांगितलं असतं. मला आकडे कळतात, ताळेबंद कळतात. झाडंबिडं हा नवऱ्याचा प्रांत, आणि तो महिन्यातले अर्धे दिवस जकार्ताला असतो.

म्हणून मी आमच्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. तिथं कुठल्याही प्रश्नाला उत्तर मिळतं, ते बरोबर असलंच पाहिजे अशी अट नाही. एकीनं सांगितलं, एसीच्या युनिटवर घास ठेव, आम्ही तेच करतो. टॅम्पिनीसला राहणारी एक म्हणाली, तसलं काही करू नकोस, आमच्या शेजारणीकडं तपासणीला माणूस आला होता. तिसरीनं देवळात शिधा द्यायला सुचवलं. चौथीनं कावळ्याचा फोटो टाकला आणि त्याखाली नमस्कार. मी फोन उलटा करून ठेवला.

घरात आणखी एक जाणकार होती. माझी मुलगी सेकंडरीत आहे, तिला शाळेत पक्ष्यांवर प्रोजेक्ट होतं. मराठी तिला समजतं, बोलते मात्र इंग्लिशमध्ये. तिनं आजोबांना समजावलं, की हे कावळे मुळात इथले नाहीतच, भारताकडून जहाजांवरून आले, आणि इथल्या पक्ष्यांची अंडी खातात. "दे आर इन्व्हेझिव्ह, आजोबा. दे डोन्ट बिलाँग हिअर लाह." हे शेवटचं 'लाह' म्हणजे इथल्या इंग्लिशचं शेपूट. बाबांनी शांतपणे विचारलं, मग तुझी आई कशी आली? ती म्हणाली, एम्प्लॉयमेंट पासवर. बाबा म्हणाले, कावळ्यांचाही असेल काहीतरी पास.

लिफ्टच्या दारापाशी चार भाषांत सूचना लावलेली होती: पक्ष्यांना खायला घालू नका, दंड होईल. मी बाबांना ती वाचून दाखवली. त्यांनी जन्मभर अशाच सूचना काढल्या होत्या, त्यामुळं त्यांच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही. पाट्या लावायच्या असतात, म्हणून लावतात, असं त्यांचं म्हणणं.

बाबांना खरी माहिती मिळाली ती खालच्या बाकावर. आमच्या ब्लॉकखाली मोकळी जागा आहे, तिथं सकाळी एक चिनी म्हातारे गृहस्थ पिंजरा घेऊन बसतात. पिंजऱ्यात एक इवलासा हिरवा पक्षी, डोळ्यांभोवती पांढरं कडं. आपल्याकडं त्याला चष्मेवाला म्हणतात, हेही मला बाबांनीच सांगितलं. हे गृहस्थ तुआसला कारखान्यात सुपरवायझर होते. बायको काही वर्षांपूर्वी गेली, मुलगा पर्थला, घरात हे आणि पक्षी. मी येता-जाता 'हॅलो अंकल' म्हणायचे, त्यापलीकडं ओळख नव्हती. बाबांनी पिंजऱ्यापाशी जाऊन पक्षी निरखला आणि आपल्या कचेरीतल्या इंग्लिशमध्ये 'काइंडली' लावून काहीतरी विचारलं. अंकलना ते कितपत कळलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांसाठी बाकावरची आपली पिशवी उचलून जागा केली.

ते बाबांना 'बॉस' म्हणायचे, बाबा त्यांना 'साहेब'. एकाचं इंग्लिश फायलींतलं, दुसऱ्याचं बाजारातलं. मी शनिवारी कान देऊन ऐकलं तर दहातली चार वाक्यं एकमेकांना लागत होती. उरलेल्या सहांचं दोघांनाही काही वाटत नव्हतं.

पण बाबा वर यायचे ते रोज काहीतरी घेऊन. समोर पिवळ्या फुलांनी भरतो तो सोनमोहर आहे, आपल्याकडंही रस्त्यांवर असतो, कावळे त्याच्यावर घरटं करतात. संध्याकाळी ते कालव्यापलीकडच्या मोठ्या झाडांवर झोपायला जातात. पूर्वी सरकारची माणसं बंदुका घेऊन कावळे मारायला यायची, साहेबांनी स्वतः पाहिलंय. कावळा माणसाचा चेहरा विसरत नाही, आणि एकाला त्रास दिला की तो आपल्या सगळ्या भावकीला सांगतो. सगळंच काही खरं नव्हतं. कावळे हिरव्या छत्रीला भितात, असंही साहेबांनी सांगितलं होतं, आणि बाबांनी मला हिरवी छत्री आणायला लावली. मुलीनं इंटरनेटवर शोधून असं काही नाही म्हणून दाखवलं. बाबा म्हणाले, इंटरनेट इथं राहतं का?

उलट दिशेनंही शिक्षण चालू होतं. पहाटे एक पक्षी ओरडून ओरडून झोप मोडतो म्हणून अंकल वैतागलेले होते, ब्लॉकमधल्या पुष्कळांनी तक्रारीही केल्या होत्या. बाबांनी त्यांना सांगितलं, की हा कोकीळ, आमच्याकडं ह्याच्या गाण्याचं केवढं कौतुक, आणि ह्याची मादी अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. अंकलना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती कॉफीशॉपमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांना सांगितली. पुढं एकदा मी तिथं पार्सल घ्यायला गेले, तर एक अनोळखी आजोबा मलाच समजावायला लागले, की तो ओरडणारा पक्षी भारी लबाड, दुसऱ्याच्या घरी पोरं वाढवतो.

हे सगळं बघताना मला एक गंमत वाटायची. आमच्या घरात प्रत्येकाचा कावळा वेगळा होता, कारण ज्यानं त्यानं तो आपापल्या माणसांकडून शिकलेला होता. मुलीचा शाळेतला, माझा ग्रुपवरचा, बाबांचा अर्धा घाटावरचा आणि अर्धा बाकावरचा.

नवमीचा विषय बाबांनी बाकावर काढला असणार, कारण एक दिवस ते वर आले ते चेहरा पाडूनच. अंकलनी सरळ नाही म्हणून सांगितलं होतं. बाबांनी ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकवलं: "नो फीड, बॉस. यू फीड, दे कम. दे कम, पीपल कम्प्लेन. देन फिनिश." लिफ्टपाशी लावलेल्या चार भाषांनी जे झालं नव्हतं ते ह्या एका वाक्यानं झालं. तरी बाबांच्या मनात थोडी आशा होती. एक घास, एकच दिवस, त्यानं काय होणार?

ते त्याच महिन्यात कळलं. सोनमोहरावर कावळ्यांनी घरटं केलं होतं, पिल्लं झाली होती. बाबा रोज खालून बघायचे आणि मला बातम्या द्यायचे. शेजारच्या ब्लॉकमधलं कुणीतरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून उरलेला भात खाली टाकत होतं, म्हणून कावळ्यांनी जागा तीच धरली, असं अंकलचं म्हणणं. पिल्लं मोठी व्हायला लागली तशी आई-बाप कावळे खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर झेप घ्यायला लागले. एका बाईच्या कपाळाला लागलं. तक्रार गेली, आणि एका सकाळी गाडी आली, शिडी लावली, फांदी छाटली, घरटं पिल्लांसकट काढून नेलं. बाबा आणि अंकल बाकावरून बघत होते. दोघं कावळे दिवसभर त्या झाडाभोवती फिरत राहिले, ओरडत राहिले.

संध्याकाळी बाबा जेवले नाहीत. म्हणाले, कुणीतरी भात टाकला आणि त्यापायी त्यांचा संसार गेला. आता मीच कुठल्या तोंडानं घास ठेवू? आणि नाही ठेवला तर हिचं काय? मी समजूत घालायला गेले, आई कुठंही अडकलेली नाही, विधी यथासांग झाला होता वगैरे. ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. एवढं वय झालेल्या माणसाला एका पक्ष्यावाचून झोप लागू नये, आणि आपल्याला त्याच्यासाठी काही करता येऊ नये, हे मला सहन होत नव्हतं.

मग चिन्यांचा सातवा महिना लागला. दरवर्षी तो येतो, दरवर्षी मी गवतावर टोचलेल्या अगरबत्त्या चुकवत ऑफिसला जाते. पितर ह्या महिन्यात भेटायला येतात असं ते मानतात, रस्त्याकडेला भात, संत्री, मिठाई मांडतात. बाबांनी हे पहिल्यांदाच पाहिलं. मांडलेल्या भातावर साळुंक्या तुटून पडलेल्या, थोड्या अंतरावर कावळा मान वाकडी करून उभा. बाबा धावत वर आले. "अगं, हा तर पितृपक्ष आहे यांचा. महिनाभर आधी, एवढंच."

अंकल आपल्या बायकोसाठी पान मांडणार होते. त्यांनीच बाबांना सुचवलं, की तू तुझ्या बायकोचं माझ्या शेजारी मांड. हे टाकून देणं नव्हे, नैवेद्य आहे. अगरबत्ती जळत असेपर्यंत ठेवायचं, विझली की सगळं उचलून जागा पुसून घरी न्यायचं. तेवढ्यात कोण येतं, काय खातं, ते आपल्या हातात नाही. घालून ठेवून निघून गेलं तर मात्र ते खाऊ घालणं. हा नियम कायद्यात आहे की अंकलच्या मनात, ते मी विचारलं नाही.

मी आधी फाटे फोडले. श्रावणात कुठं श्राद्ध असतं का, तिथी नाही, पक्ष नाही, शेजारी भाजलेलं बदक असणार. बाबा म्हणाले, तुझ्या आईनं उभ्या जन्मात पासपोर्ट काढला नाही, आता तिला तिथीचं काय सांगतेस? ह्यात तर्क काय होता मला अजून कळलेलं नाही. पण मी सुट्टी टाकली, लिटल इंडियातल्या टेक्काच्या बाजारातून केळीची पानं आणली, आणि वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी असा सगळा स्वयंपाक केला. तळणाच्या धुरानं मुलीनं खिडक्या उघडल्या, पण नाक मुरडलं नाही. वडे तिनंच उचलून खाली नेले.

दुपार कलत होती. अंकलनी गवताच्या कडेला घडीचं टेबल मांडलं होतं. त्यावर बदक, भात, संत्री, चहाचे छोटे पेले. बाबांनी मध्ये हातभर जागा सोडून आपलं पान ठेवलं, मुलीनं हळूच ती आणखी वाढवली. अंकलनी बाबांच्या हातात अगरबत्त्या दिल्या, कुठं टोचायच्या ते दाखवलं. बाबांनी पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि झाडांकडं बघत उभे राहिले.

साळुंक्या लगेच आल्या. एकीनं वड्याचा तुकडा तोडून नेला. अंकलच्या भातावर तीन-चार उतरल्या. कावळा नव्हता. अगरबत्त्या अर्ध्यावर आल्या. मी मनातल्या मनात घाटावरच्या मावशीसारखी वाट्टेल ती वचनं देत होते. बाबांच्या मानेची शीर दिसत होती. मला तेव्हा वाटलं, आपण हा सगळा घाट घालायला नको होता. दुसऱ्यांदाही कावळा आला नाही, तर हा माणूस ह्यातून उठणार नाही.

अंकल शेजारी उभे राहून बाबांकडं बघत होते. मग ते आपल्या टेबलाकडं वळले आणि होक्किएनमध्ये, म्हणजे आपल्या चिनी बोलीत, बोलायला लागले. मंत्र नव्हेत, साधं बोलणं, बायकोशी बोलावं तसं. मध्येच बाबांकडं बोट दाखवलं, मध्येच आमच्या पानाकडं. बराच वेळ बोलले. संपल्यावर बाबांनी विचारलं, साहेब, काय सांगितलंत?

अंकल म्हणाले, "माय वाइफ, एव्हरीबडी हिअर शी नो. आय टेल हर, धिस लेडी न्यू, डोन्ट नो एनीवन. यू गो टेक हर. ब्रिंग हर वॉक-वॉक."

बाबांनी आळीपाळीनं दोन्ही पानांकडं पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "साहेब, शी नोज ओन्ली मराठी."

"माय वाइफ ओन्ली होक्किएन," अंकल म्हणाले. "नेव्हर माइंड लाह. यू अँड मी ऑल्सो लाइक दॅट."

बाबा हसले, आणि हसता हसता रडायला लागले. घाटावर ते रडले नव्हते, वर्षभरात कधी रडले नव्हते. अंकलनी त्यांच्या दंडाला धरलं आणि तसेच उभे राहिले. मी पुढं गेले नाही. मलाही काही दिसत नव्हतं.

मुलीनं माझी बाही ओढली. दिव्याच्या खांबावर कावळा येऊन बसला होता. ती कुजबुजली, "आजोबा, वेट. ही इज कमिंग." बाबांनी डोळे पुसले, वर पाहिलं. कावळा मान तिरकी करून आमच्या पानाकडं बघत होता. अगरबत्त्या अजून थोड्या उरल्या होत्या.

"नको," बाबा म्हणाले. "त्याला इथली सवय लागायला नको." आणि खाली वाकून त्यांनी पान उचललं, मग गवतात सांडलेली भाताची शितं एकेक करून वेचायला लागले.